रोवण्याच्या दिवसांतली सहल

आमच्या घरात प्रवासाची चारच कारणे आहेत : लग्न, मयत, दवाखाना आणि देव. पाचव्या कारणाची आजवर कोणाला गरज पडली नाही. माझी आजी तशी पुष्कळ हिंडलेली आहे. नागपंचमीच्या यात्रेला ती पचमढीला जाऊन आली आहे, रामटेकचा गड चढली आहे, महाशिवरात्रीला अंभोऱ्याला तर कितीदा तरी गेली आहे. पण तिला विचारावे, "आजी, पचमढीचे डोंगर कसे होते?" तर ती एवढेच सांगते, "चढाले लई होते." आजी डोंगर पाहायला गेली नव्हती, देवाला गेली होती. वाटेत डोंगर आले म्हणून ती ते चढली.

महाविद्यालयात जाणारी मी आमच्या घरातली पहिलीच. मौद्याहून नागपूरला रोज बसने जाते नि येते. माझ्याबरोबर घरात काही नवे शब्दही आले. सेमिस्टर, असाइनमेंट, इंटर्नल. त्यांचा अर्थ कोणी विचारला नाही. हे शिक्षणाचे शब्द आहेत, ते असायचेच, असे मानून माय-बाबांनी त्यांना मुकाट्याने जागा करून दिली. 'सहल' या शब्दाची मात्र दारातच चौकशी झाली.

जुलैच्या अखेरीस सूचना फलकावर कागद लागला. बी. ए. द्वितीय वर्षाची एक दिवसाची सहल, स्थळ हाजरा धबधबा, दरेकसा, तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया. ऑगस्टमधला पहिला रविवार. वर्गणी ४०० रुपये. डबा आपापला आणावा. वर्गात एकच गलका झाला. कोणी कोणत्या रंगाचे कपडे घालायचे ते ठरवू लागले, कोणी गाण्याच्या भेंड्यांचे गट पाडू लागले. मागच्या बाकावर आम्ही चार-पाच जणी मात्र त्या कागदावरच्या तारखेकडे पाहत होतो. कोणी मौद्याची, कोणी कुहीची, कोणी भंडाऱ्याकडची. तारीख वाचून आमच्या सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला असणार : रोवणा.

ज्यांच्या घरी धानाची शेती नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्या भागात पाऊस लागला की पऱ्हे टाकतात. तीन-चार आठवड्यांनी ती उपटून, जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत एकेक रोप हाताने लावतात. यालाच आम्ही रोवणा म्हणतो. बांधीत पाणी असेल तेव्हाच तो होतो, म्हणून जुलै-ऑगस्टात सगळ्या गावाला एकदमच घाई असते. या दिवसांत आमच्याकडे बाईमाणूस घरी सापडत नाही. पाठीवर प्लास्टिकच्या पोत्याची खोळ, गुडघ्यापर्यंत चिखल, कंबरेत वाकलेले अंग, आणि चालायचे तेही उलटे, मागे मागे. माझी माय वीस वर्षांपासून दुसऱ्यांच्या बांधीत रोवणा करते. मीही शाळेत असल्यापासून रविवारी तिच्याबरोबर जाते. आमच्या टोळीत यंदा दिवसाची मजुरी तीनशे रुपये होती. म्हणजे हिशेब असा झाला : चारशे वर्गणी, तीनशे बुडालेली मजुरी. एक दिवस पाणी पाहण्याची किंमत सातशे रुपये.

धबधब्यांचे दिवस आणि रोवण्याचे दिवस एकच असतात, ही गोष्ट तोवर माझ्या कधी लक्षात आली नव्हती. जो पाऊस कड्यावरून खाली येतो, तोच बांधीत साचतो. फक्त पाहणारे वेगळे आणि वाकणारे वेगळे.

रात्री जेवताना मी विषय काढला. बाबांचा घास हातातच राहिला.

"पानी पाहाले यवढ्या दूर? आपल्या कन्हानले पानी नाही का?"

आजीने विचारले, "देव हाये का तिथं?"

"देव नाही आजी, धबधबा हाये."

"मंग नारळ कायले फोडसान?"

सगळे हसले. मीही हसले, पण मनातून उतरले. तेवढ्यात माय म्हणाली, "जाऊ द्या तिले. वर्षभर बसनं जाते-येते, कधी काही मागतलं नाही. एका रविवारी तिची ओळ मी धरीन." मग ताट उचलता उचलता तिने मला विचारले, "ते पानी खाली पडल्यावर कुठी जाते वं? कोनाच्या बांधीत?"

मला उत्तर देता आले नाही. धबधब्याविषयी मी जे काही वाचले होते, ते सारे पाणी खाली पडेपर्यंतचेच होते.

माझ्या मायच्या दृष्टीने हा प्रश्न अगदी साधा होता. आमच्याकडे पाण्याचा विचार तसाच होतो. बोडीतले पाणी कोणत्या बांधीत जाणार, वरच्याने धुरा फोडला तर खालच्याचे काय, नहराला पाणी कधी सुटणार, या गोष्टींवर गावात बोलणे होते आणि भांडणेही होतात. पाणी नुसते आहे, सुंदर आहे, असे कोणी म्हणत नाही. आणि ते जेव्हा फार होते, तेव्हा काय होते तेही आम्ही पाहिले आहे. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, पेंच नदीवरच्या धरणांतून पाणी सोडावे लागले आणि कन्हान पात्राबाहेर आली. त्या पुरात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली नदीकाठची कितीतरी गावे बुडाली. मी तेव्हा आठवीत होते. आम्ही एक रात्र उंचावरच्या नातेवाइकांकडे बसून काढली. त्या रात्री पाण्याचा जो आवाज ऐकला, तो पुढे कितीतरी दिवस झोपेत येत असे. म्हणून 'पाणी पाहायला जाते' हे वाक्य आमच्या घरात उच्चारणे सोपे नव्हते.

वर्ग इतवारी स्टेशनावरून पॅसेंजरने निघाला. मी खात स्टेशनावर चढले, कारण ते आमच्याच तालुक्यातले. भावाने मोटारसायकलवर सोडून दिले. डब्यात शिरले तेव्हा भेंड्या रंगात आल्या होत्या. मला खिडकीची जागा मिळाली. बाहेर दोन्ही बाजूंना बांध्याच बांध्या, काही हिरव्या, काही नुसत्या चिखलाच्या. प्रत्येक बांधीत बायकांच्या रांगा. गाडीतून त्या फार सुंदर दिसतात, हे कबूल केले पाहिजे. लाल, पिवळी, निळी लुगडी आणि खाली आरशासारखे पाणी. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगदी चित्रासारखं आहे ना!" मी हो म्हटले. ते खरेच होते. मात्र त्या चित्रातल्या एखाद्या रांगेत माझी माय या वेळी दोन ओळी धरून वाकली असेल, हेही खरे होते. दोन्ही खरे एकाच खिडकीतून दिसत होते.

या लोहमार्गाचा थोडा इतिहास आमच्या इतिहासाच्या सरांनी गाडीतच सांगितला. नागपूरपासून राजनांदगावपर्यंत ही लाइन १८८२ पर्यंत झाली, तेव्हा ती मीटर गेज होती. छत्तीसगडच्या सुपीक प्रदेशातले धान्य नागपूरकडे आणता यावे हा तिचा एक मोठा हेतू. पुढे १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन ताब्यात घेऊन रुंद केली आणि ती हावडा-मुंबई या मोठ्या मार्गाचा भाग झाली. म्हणजे ज्या गाडीतून आम्ही निसर्गसौंदर्य पाहायला निघालो होतो, तिचे रूळ मुळात धानासाठी पडले होते. हे ऐकून मला उगीचच बरे वाटले.

तुमसर रोड सुटल्यावर माडगीजवळ गाडी वैनगंगेच्या पुलावर आली. भेंड्या आपोआप थांबल्या. नदी दुथडी भरून चालली होती, गढूळ, रुंद, घाई नसलेली. पात्रातल्या खडकावरचे नृसिंहाचे देऊळ कोणीतरी बोटाने दाखवले. डब्यातल्या म्हाताऱ्या बायांनी खिडकीतून हात जोडले, एकीने नाणे टाकले. गोंदियाला गाडी बराच वेळ थांबली. भातगिरण्यांचे हे गाव, हवेलासुद्धा कोंड्याचा वास. तिथून पुढे आमगाव, सालेकसा करता करता जमीन उंचसखल होऊ लागली. बांध्या लहान होत गेल्या, मोहाची नि सागाची झाडे रुळाजवळ आली आणि दरेकसा येईपर्यंत दोन्ही बाजूंना डोंगर उभे राहिले. याच डोंगरातून पुढे बोगद्यातून गाडी छत्तीसगडात उतरते. सालेकसा-दरेकसा ही नावे आजवर मी वर्तमानपत्रात वाचली होती ती नक्षलवाद्यांच्या बातम्यांत. त्या नावाचे स्टेशन असे पावसात भिजलेले, शांत, एका कुत्र्याच्या नि दोन शेळ्यांच्या ताब्यात असलेले असेल, असे वाटले नव्हते.

स्टेशनापासून धबधबा सुमारे एक किलोमीटर. जंगलातली वाट, ओली पाने, पायांखाली लाल माती. आधी आवाज आला. दुरून पाऊस येतो आहे असा तो आवाज होता, पण आभाळ तर थांबलेले. वाट वळली आणि समोर हाजरा.

त्याचे वर्णन कसे करावे? दोन मोठी मोहाची झाडे एकावर एक उभी करावीत एवढ्या उंचीवरून पाणी खाली येते, पण सरळ येत नाही. कड्याच्या खडकावर ते आपटते, फाटते, पुन्हा जुळते. वरून येताना पांढरे, मध्ये धुरासारखे आणि खाली डोहात पडल्यावर पुन्हा गढूळ, आमच्या बांधीतल्या पाण्यासारखेच. तुषार इतके की चेहरा पुसावा तो पुन्हा ओला. मुलांनी आरोळ्या ठोकल्या, मुलींनी ओढण्या आवरल्या, सर्वांनी मोबाइल काढले. मीही चार फोटो घेतले. मग मोबाइल पिशवीत ठेवला आणि एका दगडावर बसून नुसती पाहत राहिले.

मी तिथे किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. पाण्याजवळ काही न करता बसण्याची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. एरवी पाण्याजवळ गेले की हातात बादली असते, धुणे असते, पऱ्ह्यांची जुडी असते. हात रिकामे आणि समोर इतके पाणी, ही स्थिती मला नवी होती. पहिली काही मिनिटे तर मला कोणीतरी आता हाक मारील आणि काम सांगील असेच वाटत राहिले. कोणी हाक मारली नाही. मग हळूहळू नुसते पाहणे जमू लागले. आमच्या अभ्यासक्रमात बालकवी आहेत. त्यांच्या 'निर्झरास' या कवितेवर मी परीक्षेत आठ गुणांचे उत्तर लिहिले होते, निसर्गाचे मानवीकरण, नादमाधुर्य वगैरे. अवघ्या २७ व्या वर्षी, १९१८ साली, रेल्वे अपघातात गेलेला हा कवी मला तोवर फक्त मुद्द्यांपुरता माहीत होता. त्या दगडावर बसल्यावर वाटले, हा माणूस पाण्याशी बोलला, कारण तो त्याच्यापाशी असाच रिकाम्या हातांनी बसला असला पाहिजे. रिकामे बसणे ही आळशीपणाची गोष्ट आहे असे आमच्याकडे समजतात. पण त्यातूनही काही पिकते. एवढे मला तिथे पटले.

भूगोलाच्या सरांनी आम्हाला खडकाकडे पाहायला सांगितले. सह्याद्रीतले धबधबे ज्या काळ्या कातळावरून पडतात, तो लाव्हारसाचा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याचा पसारा पश्चिमेकडून येत येत नागपुराजवळ संपतो. आपली सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. दरेकशाचे डोंगर मात्र त्याहून कितीतरी पुरातन, दोनशे कोटी वर्षांपेक्षाही जुन्या खडकांच्या पट्ट्यातले. सर म्हणाले, "तुम्ही जिथे बसला आहात तो दगड सह्याद्रीचा पणजोबा आहे." सगळे हसले आणि एका मुलाने दगडाला वाकून नमस्कार केला.

हाजऱ्याची व्यवस्था नवाटोला गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती पाहते. तिकीट घेणारी, वाहने लावून देणारी, कोणी खोल पाण्यात उतरू नये म्हणून शिट्टी वाजवणारी मुले-मुली जवळच्याच गावांतली. दोरीवरून घसरत जाण्याचा खेळही तिथे आहे. आमच्या वर्गातल्या शूर मुलांनी त्यावर बरीच ओरड करून घेतली. मी मात्र वाटेवर भुट्टे भाजणाऱ्या एका बाईजवळ गेले. भुट्टा देताना तिने माझ्या हातांकडे पाहिले. चिखलाने माझी नखे तपकिरी झाली होती. दोन रविवारांची ती खूण साबणाने जाणारी नव्हती.

"रोवना चालू हाये का तुमचा?" तिने विचारले.

मी मान हलवली. "तुमचा?"

"अर्धा झाला, अर्धा बाकी हाये. पन इतवारी इथं लोकं येतात. त्या दिवशी दुकान नाही लावलं तर वर्षभर कवा लावू? पानी वरून आलं की धबधबाबी चालू, रोवनाबी चालू. एका आंगानं कुठी कुठी पुरावं?"

मी विचारले, "तुम्ही कधी पाहता का हो, असं बसून?"

ती हसली. "आईकते ना रोज. गर्दी गेली की लई मोठा वाटते आवाज." मग थोडे थांबून म्हणाली, "तुमी दसऱ्याच्या मागंपुढं या. पानी निवळ होते, गर्दी राहात नाही. आमाले बी फुरसत राहाते. आन् माघ पौर्णिमेले आल्या तर कचारगडले जा."

कचारगड तिथून फार दूर नाही. गोंड समाजाचे ते मोठे श्रद्धास्थान. तिथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगोने सोडवले, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे, आणि माघ पौर्णिमेला तिथे कितीतरी राज्यांतून लोक येतात. म्हणजे आम्ही ज्याला सहलीचे ठिकाण म्हणून आलो, त्याच्या शेजारच्या डोंगरात एका सबंध समाजाचा आरंभ सांगितला जातो. आजीने विचारले होते, देव आहे का तिथे? होता. आमच्या सूचनेच्या कागदावर तो लिहिलेला नव्हता, एवढेच.

परतीच्या गाडीत मी भूगोलाच्या सरांजवळ जाऊन बसले आणि मायचा प्रश्न त्यांना विचारला. हे पाणी जाते कुठे? सरांना प्रश्न आवडलेला दिसला. त्यांनी वही मागितली आणि तिच्या मागच्या पानावर नकाशा काढला. या भागातले ओढे-नाले वाघ नदीला मिळतात. वाघ नदी गोंदिया जिल्ह्यातून वाहत वैनगंगेला मिळते. वैनगंगा माडगी, भंडारा करत खाली येते आणि अंभोऱ्याला तिला आपली कन्हान भेटते. तिथून गोसीखुर्द, पुढे पवनी, मग वर्धेशी मिळून प्राणहिता, मग गोदावरी आणि समुद्र.

मी 'आपली कन्हान' या शब्दांवर थांबले. म्हणजे हाजऱ्याचे पाणी आणि मौद्याचे पाणी अंभोऱ्याला एक होतात. आजीचे अंभोरा! जिथे ती शिवरात्रीला जाते, तेच. मराठीच्या बाई आमच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आणि तिथेच मुकुंदराज." 'विवेकसिंधू' हा मराठीतला आद्य ग्रंथ मानतात. शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ हा त्याचा परंपरेने मानलेला काळ. मराठवाड्यातले लोक तो अंबाजोगाईचा म्हणतात आणि आपल्याकडचे लोक तो वैनगंगेकाठच्या अंभोऱ्याचा म्हणतात. वाद विद्वानांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण ज्या भाषेत मी हे लिहिते आहे तिचा पहिला ग्रंथ या पाण्याच्या काठी झाला असेल, या नुसत्या शक्यतेनेही अंगावर शहारा आला.

सरांचा नकाशा अजून संपला नव्हता. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. आता त्याचे पाणी मागे अंभोऱ्यापर्यंत पसरते. तिथे २०२४ साली नवा मोठा पूल सुरू झाला आणि आता लोक मुद्दाम पाणी पाहायला तिथे जातात. त्या जलाशयाखाली कितीतरी गावांच्या जमिनी गेल्या, हेही सरांनी सांगितले. आणि मग त्यांनी गोसीखुर्दपासून उलटी, वरच्या बाजूला एक रेघ ओढली, ती थेट मौद्यापर्यंत. मौद्याचे औष्णिक विद्युत केंद्र २३२० मेगावॅटचे. त्याला लागणारे पाणी याच जलाशयातून येते. त्याची वाफ होते, त्या वाफेवर चक्रे फिरतात आणि वीज होते.

गाडी तेव्हा पुन्हा माडगीच्या पुलावर आली होती. दिवस कलला होता. सकाळी जी नदी मी नुसती मोठी म्हणून पाहिली, तीच आता मी ओळखीची म्हणून पाहिली. त्या गढूळ पाण्यात आज सकाळचा हाजरा नव्हता हे मला कळत होते, कारण त्याला इथवर यायला वेळ लागणार. आम्ही त्याच्या आधी निघालो होतो. तो मागून येत होता.

घरी पोचले तेव्हा माय चुलीजवळ पाय शेकत बसली होती. दिवसभर पाण्यात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. मी तिच्यापुढे वही उघडली. मायला वाचता येत नाही, पण रेघांवरून बोट फिरवता येते. मी तिचे बोट धरून हाजऱ्यावर ठेवले आणि वाघ नदीतून, वैनगंगेतून, माडगीच्या पुलाखालून अंभोऱ्याला आणले. कन्हान दाखवली. गोसीखुर्द दाखवले. मग तिथून मौद्याच्या केंद्रापर्यंतची ती उलटी रेघ. माय बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वर, डोक्यावरच्या पिवळ्या बल्बाकडे पाहिले.

"म्हंजे ते पानी आपल्याच घरी आलं म्हन."

विज्ञानाच्या प्राध्यापकांनी कदाचित या वाक्यातून चुका काढल्या असत्या. वीज तारांच्या जाळ्यातून कुठून कुठे जाते, आमच्या बल्बात नेमकी कोणती वीज येते, हे कोणी सांगू शकणार नाही. पण धबधब्याविषयी मी जेवढे निबंध वाचले, त्या सर्वांपेक्षा मला हे वाक्य मोठे वाटले. सौंदर्य पाहणारे लोक पाणी पडेपर्यंत पाहतात. माझी माय ते पडल्यानंतर पाहते. दोघांचे पाहणे एकत्र आले तरच नदी पुरी दिसते. पहिले पाहणे मला महाविद्यालयाने शिकवले. दुसरे माझ्या घरात आधीपासून होते. ते शिक्षण आहे हे मला ठाऊक नव्हते, एवढेच. उच्च शिक्षण घेणाऱ्या आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या मुलामुलींना घरचे सारे मागे टाकून पुढे जायचे असते, असे आम्हाला पुष्कळदा सांगितले जाते. मला तसे वाटत नाही. वाघ नदी वैनगंगेला मिळते तेव्हा ती मागे पडत नाही, बरोबर चालू लागते.

आता शेवटी एक नम्र विनंती, विद्यार्थी मित्रांना आणि गुरुजनांना. त्या रविवारी आमच्या मागच्या बाकावरच्या चार जणी सहलीला आल्या नाहीत. त्यांनी कारण सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. हजेरीच्या कागदावर त्यांच्या नावांपुढे नुसती आडवी रेघ होती. त्या चौघीही त्या दिवशी पाण्यातच होत्या, पोटऱ्यांपर्यंत. पुढच्या वर्षी सहल ठरवताना ती रोवणा आटोपल्यावर, दसऱ्याच्या आसपास ठेवता आली तर फार बरे होईल. धबधबा तेव्हाही असतो. पाणी थोडे कमी असते, पण निवळ असते, आणि वाटेवरच्या बाईलाही बोलायला फुरसत असते. त्या दिवसांत आमच्या बांध्यांत धान पोटरीवर आलेले असते आणि हातांवरची चिखलाची खूण गेलेली असते. तेव्हा त्या चौघी येतील. खिडकीची जागा मी त्यांच्यासाठी धरून ठेवीन.